पाइनच्या टेबलाला वाळवी लागते का?

महालवाला: पॅकिंगच्या पाइनचं टेबल केलं, आता नागपूरच्या उन्हात गाठींतून चिकट राळ येऊन राहिली. मिस्त्री म्हणते याले किडा लागतच नाही, खरं काय?

जंगलवेडा: अर्धंच खरं भाऊ. जिवंत झाडात बीटल (भुंगा) घुसला की राळ दाबानं बाहेर येते अन् त्याले ढकलते, राळेतलं पातळ टर्पेंटाइन उडून जाते, मागं उरलेला भाग, म्हणजे रोझिन, घट्ट होऊन जखम बंद, बुरशी रोखायले पिनोसिल्विन नावाचं रसायन वेगळं. पण माउंटन पाइन बीटल लय डांबिस, त्याच राळेतल्या अल्फा-पाइनीन नावाच्या रसायनापासून बाकीच्या बीटलांना बोलवायचा वास बनवते!

धरमपेठकर: कापलेल्या लाकडात कुठला दाब, वाळवी आरामात खाते. वाळवीची ट्रीटमेंट करा.

महालवाला: अन् राळ पुसू कशानं?

धरमपेठकर: टर्पेंटाइननंच, त्यात विरघळते. फक्त गॅसजवळ नका करू.