ऑरगॅनिक मॅप्समध्ये पेठेतली दुकानं कशी येतील?
गूगल मॅप्स काढून ऑरगॅनिक मॅप्स हे ऑफलाइन चालणारं नकाशांचं ॲप घेतलं, पण कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली दुकानंच सापडत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. दोष ॲपचा नाही. त्यामागचा ओपनस्ट्रीटमॅप लोकांनी भरलेला नकाशा आहे. कुणी टाकलंच नाही तर दुकान दिसणार कुठून?

ओपनस्ट्रीटमॅपचं मोफत खातं काढून ॲपला जोडा आणि ॲपमधूनच नवं ठिकाण टाका. खूण दाराशी ठेवा, रस्त्याच्या मधोमध नको. मराठी नावाचा रकाना वेगळा असतो, तोही भरा. मग देवनागरीत शोधलं तरी मिसळवाला सापडतो. नवी नोंद इतरांच्या फोनवर लगेच येत नाही, नकाशाची पुढची आवृत्ती उतरवावी लागते. इथंच बरेच जण तीच नोंद पुन्हा करतात आणि एका दुकानाची दोन होतात. त्याआधी नोंद झाली आहे का, ते ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर बघून घ्या. गूगलवरून नाव-पत्ता उतरवू नका, परवान्यात बसत नाही. दुकानाची पाटी वाचून लिहा.

पावसाळ्यात मात्र सांभाळा, ऑफलाइन नकाशाला पूर कळत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. अशा दिवसांत जिल्हा प्रशासनाची सूचना बघूनच गाडी काढा.