एल्कसाठी .२४३ की .३०० विन मॅग?

एकाने विचारलंय की अमेरिकेतल्या कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला .२४३ काडतुसाची रायफल पुरेल, की थेट जास्त ताकदीची .३०० विन मॅगच (विंचेस्टर मॅग्नम) घ्यावी. तिथल्या नियमात किमान .२४ कॅलिबर (गोळीची जाडी, इंचात) आणि ८५ ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) पसरणारी गोळी लागते, म्हणजे .२४३ कायद्यात बसते. पण कायद्यात बसणं वेगळं आणि तीनशे किलोचा नर तिरका उभा असताना गोळी फुप्फुसांपर्यंत पोहोचणं वेगळं. मी तरी पहिल्या मोसमात ती नेणार नाही. १९०६ सालापासूनचं .३०-०६ काडतूस आणि त्यात १८० ग्रेनची मजबूत गोळी, झालं काम. मॅग्नमच्या धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि गोळी जाते पोटात. (मग माग काढत बसा अंधार पडेपर्यंत.)

जनावर आडवं असेल तर पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर नेम धरा. तोंड आपल्यापासून लांब करून तिरकं असेल, तर पलीकडचा पुढचा पाय मनात धरून गोळीची वाट आखा. सरळ पाठमोरं असेल तर बंदूक खाली. आणि पहिली लागूनही उभंच असेल, तर 'लागली ना' म्हणत बघत बसू नका, दुसरी झाडा.