सांगलीत घर: विश्रामबागचा नवा फ्लॅट, शामरावनगरचा दीड गुंठा की गावभागातला जुना फ्लॅट?

मिरजकर_८८
दोघांचे मिळून महिन्याला हातात ५२ हजार पडतात, साठलेले ९ लाख आहेत, भाडं ८ हजार. तीन ठिकाणं बघितली. विश्रामबागजवळ बांधकाम चालू असलेला टू बीएचके, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) ६४० चौ. फूट, बिल्डर ३४ लाख सांगतो, ताबा दीड वर्षाने. शामरावनगरात दीड गुंठा गुंठेवारी प्लॉट (म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकलेल्यातला) १५ लाखांना, त्यावर पुढे घर बांधायचं. आणि गावभागात २२ वर्षांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, २४ लाख. बँकेतला माणूस म्हणतो ३० लाख कर्ज सहज होईल. पीएम आवासचं व्याज अनुदान मिळेल का? तासगावकडे वडिलोपार्जित पक्कं घर आहे, उताऱ्यावर भावांबरोबर माझंही नाव आहे.

हिशेबनीस
३० लाख मिळणं आणि ३० लाख झेपणं यात लई फरक आहे. साडेआठ टक्के धरा, २० वर्षं. लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता, म्हणजे ३० लाखांना २६ हजार. तुमच्या पगाराचा बरोबर अर्धा. बँकेच्या कागदावर बसतं, पण घरात गॅस, शाळा, दवाखाना असतो.

आता ३४ लाख म्हणजे ३४ नव्हेत. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के. खरेदी फक्त पत्नीच्या नावे केली तर ५ टक्के, म्हणजे १ लाख ७० हजार. तुमचंही नाव जोडीला लावलं की सवलत गेली. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. जीएसटी १ टक्का, कारण किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट ९० चौ. मीटरच्या आत आहे. तो ३४ हजार. बेरीज ३६ लाख ३४ हजार. त्यावर वीज मीटर, सोसायटीची अनामत, पार्किंगचे वेगळे पैसे. हे सगळं बिल्डरकडून एका कागदावर लिहून घ्या, तोंडी ‘बघू की’ चालवून घेऊ नका. शेजारच्या इमारतीत त्याने कशाकशाचे पैसे लावले तेही विचारा.

९ लाख पूर्ण घातले तरी कर्ज २७ लाख ३४ हजार लागतं आणि खिसा रिकामा होतो. त्यात ताब्यापर्यंत भाडं सुटत नाही. बँक बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे सोडते, सोडलेल्या रकमेवर व्याज चालू होतं. १४ लाख सुटले की महिन्याला ९,९०० च्या आसपास नुसतं व्याज, वर ८ हजार भाडं. ताबा लांबला की हाच खर्च लांबतो. करारात ताब्याची तारीख असावी लागते ती यासाठी.

पीएम आवास शहरी २.० चं उत्तर: वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत. तुमचं कर्ज २५ च्या वर गेलं की तिथेच संपलं. आणि त्याच्याआधी तासगावचं घर आडवं येतं. नवरा, बायको किंवा अविवाहित मुलं यांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर चालत नाही. ‘हक्कसोड करून नाव काढा’ असं सांगणारे एजंट भेटतील. पावणेदोन लाखांसाठी वडिलांच्या घरातला हिस्सा सोडायचा, हा व्यवहार मला तरी कळत नाही.

लेव्हलवाला
पैशाचं झालं, पाण्याचं बघा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. सांगलीत घर घेताना पहिला प्रश्न विचारायचा: त्या वर्षी इथे पाणी कुठवर आलं? दलालाला विचारून उपयोग नाही. शेजारच्या भिंतीवर खूण असते, किराणा दुकानदाराला आठवतं. दोन-तीन ठिकाणी विचारून तीच उंची येते का बघा, मग कुणातरी इंजिनिअरकडून प्लॉटची पातळी त्या खुणेशी मोजून घ्या. शिवाय महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर देऊन निळी (वरचेवर येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा कुठून जाते ते लेखी मागा. निळ्या रेषेच्या आत, नदीच्या बाजूला, नव्या बांधकामाला परवानगीच नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंमी वर लागते.

शामरावनगरात नदीचं पाणी सोडा, पावसाचंच साचतं. भाग सखल आणि काळी माती. दीड गुंठा म्हणजे १,६३३ चौ. फूट. चार फूट भराव घ्यायचा म्हटलं तर ६५ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मुरूम, दाबून बसतो म्हणून ८० ब्रास धरा. तोसुद्धा नऊ-नऊ इंचांचे थर, पाणी मारून रोलर. एकदम चार फूट ओतून वर फरशी टाकली की दुसऱ्या पावसात फरशी खचते, मग मिस्त्री सिमेंटला दोष देतो. फुटिंग, म्हणजे कॉलमचा पाया, भरावावर कधीच बसवायचं नाही. काळी माती पार करून मुरमाला जायचं. माती किती खोल आहे ते सौदा करण्याआधी खड्डा मारून बघा. सहा फुटांवर मुरूम लागला तर ठीक, बारा फुटांवर गेला तर पायाचा खर्च तुमचं अंदाजपत्रक खाऊन टाकेल. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, म्हणून भिंतींना तिरक्या भेगा पडतात. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) आणि घराभोवती पाणी लांब नेणारा उतार, यात काटकसर नको.

दस्तलेखक_कुपवाड
गुंठेवारीत कागद आधी, माती नंतर. पहिला प्रश्न: प्लॉट नियमित झालाय का? गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला मुभा मिळाली. त्यानंतर पाडलेला प्लॉट असेल तर सोडून द्या. नियमितीकरणाचा दाखला, विकास शुल्क भरल्याची पावती आणि मंजूर नकाशा, तिन्ही मूळ बघा. झेरॉक्सवर विश्वास नको.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा: प्लॉटवर आरक्षण किंवा विकास आराखड्यातला रस्ता तर नाही? आणि पुढचा रस्ता कुणाच्या नावावर? बऱ्याच ठिकाणी रस्ता मूळ मालकाच्या सातबाऱ्यावरच असतो, तो मालक उद्या तार ओढून रस्ता अडवतो.

सातबाऱ्यावर सामाईक नाव लागलेला व्यवहार तर नकोच. ‘सगळ्या दहा जणांची नावं आहेत, तुमचंही लावू’ म्हणजे तुमचा दीड गुंठा नेमका कोणता हे कागदावर कुठेच नाही. आणि ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेल्या साठेखताने (पुढे विकण्याच्या नुसत्या कराराने) मालकी येत नाही. बँका अशा कागदावर कर्ज देत नाहीत, मग पतसंस्थेचा जास्तीचा दर गळ्यात पडतो.

विश्रामबागच्या फ्लॅटसाठी महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. ५०० चौ. मीटरपेक्षा मोठी जागा आणि ८ पेक्षा जास्त सदनिका, दोन्ही असलं की नोंदणी सक्तीची. तिथे मंजूर नकाशा, ताब्याची जाहीर तारीख, जमिनीवरचा बोजा दिसतो. जाहिरातीतली तारीख आणि तिथली तारीख वेगळी असेल तर तिथलीच खरी. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे देऊ नका, तेवढेच घ्यायची बिल्डरला परवानगी आहे. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल वेगळा घ्या. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, तुमच्यासाठी नाही.

मिरजकर_८८
सगळ्यांचे आभार. प्लॉट सामाईक सातबाऱ्यातलाच निघाला, सोडला. गावभागच्या जुन्या फ्लॅटबद्दल कुणी बोललंच नाही. तिथे २०१९ ला पार्किंगमध्ये पाणी होतं, वर नाही.

हिशेबनीस
आकडे तिथे सगळ्यात सोपे. जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. शुल्क पत्नीच्या नावे १ लाख २० हजार, नोंदणी २४ हजार, एकूण २५ लाख ४४ हजार. कर्ज १८ लाख घ्या, १५ वर्षं, हप्ता १७,७०० च्या आसपास. दीड लाखभर दुरुस्तीला हाताशी राहतात. बदलत्या दराचं कर्ज घेतलं तर मुदतीआधी फेडायला दंड नाही, बोनस आला की मुद्दलात टाका. मात्र बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचं उरलेलं आयुष्य किती लिहितो ते आधी विचारा. ते कमी लिहिलं तर मुदत कापतात आणि हप्ता वाढतो.

लेव्हलवाला
दुसऱ्या मजल्यावर कोरडं असलं तरी इमारत खालच्या कॉलमवर उभी आहे, आणि ते २००५, २०१९, २०२१ असे तीनदा भिजले असतील. पार्किंगमध्ये जा, कॉलमच्या तळाच्या तीन फुटांत उभ्या रेषेत भेग दिसते का बघा. आतली सळई गंजून फुगली की कवच तसंच उभं फाटतं. छोट्या हातोडीने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर नुसतं प्लास्टर नव्हे, आतलं काँक्रीटही सुटलेलं असू शकतं. मग सोसायटीने स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरकडून तपासणी) केल्याशिवाय बयाणा देऊ नका. मीटरची पेटी आणि पंप २०१९ च्या खुणेच्या वर घेतलेत का, तेही बघा. खालीच असतील तर पुढच्या पुरात वरचा मजला कोरडा, पण वीज नाही आणि टाकीत पाणी नाही. सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे दस्तलेखक बघतीलच.

हातोडी घेऊन जाताना चेअरमनना आधी सांगा. मागे एका इमारतीत वॉचमनने आम्हाला चोर समजून गेटला कडी घातली होती.