मदत हवी आहे : स्पिटफायरचा मूळ निळा कुठला?

काकांची १९६८ची ट्रायम्फ स्पिटफायर (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बेळगावात, शहापूरच्या घरी उभी आहे. वरून लाल. दाराचं आतलं कव्हर काढून ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासला, तर लालखाली फिकट निळा आणि मग राखाडी प्रायमर. डिकीत स्टेपनीखाली मात्र गडद निळा निघाला!

कमिशन प्लेटवर (गाडीचा नंबर कोरलेली कंपनीची पट्टी) पेंटचा कोड असतो, पण पहिला आकडा बेळगावच्या पावसाने खाल्लाय. शेवटचा ६ स्पष्ट दिसतो. ट्रायम्फच्या कोडमध्ये शेवटचा आकडा रंग सांगतो (२ लाल, ५ हिरवा, ६ निळा), पहिला छटा. म्हणजे २६, फिकट वेजवूड ब्लू, की ५६, गडद रॉयल ब्लू?

उद्यमबागेतले पेंटर म्हणतात, "कुठलाही निळा मारू की, कुणाला कळतंय!" काकांना कळतंय ना.

इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट मागवणार आहे, त्यात मूळ रंग असतो. तोवर कुणी सांगेल का, डॅशबोर्डमागे की कार्पेटखाली, खात्रीचा रंग कुठे सापडतो? आणि प्लेट न घासता तो आकडा वाचायची काही युक्ती?