शेकाप वेगळा ठेवून सांगोल्याला काय मिळालं?

माणकाठ
परवा सात रस्त्याला चहा पिताना एक मित्र सहज बोलून गेला, की तुमचा शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष, आता कुठल्यातरी मोठ्या पक्षात विलीन करून टाका, एक आमदार घेऊन काय करणार. मला ते लई लागलं म्हणून इथं लिहितोय. मी सांगोला तालुक्यातला, नोकरीमुळं सोलापुरात राहतो.

हा पक्ष कुणाला तिकीट मिळालं नाही म्हणून फुटलेला नाय. केशवराव जेधे म्हणजे प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद भूषवलेला माणूस. त्यांनी आणि शंकरराव मोरेंनी १९४७ ला आधी काँग्रेसच्या आतच शेतकरी कामकरी संघ काढला होता, कारण स्वराज्य आलं तरी शेतकऱ्याचं ऐकणारं पक्षात कोण नव्हतं. पुढं १९४८ ला काँग्रेसनं ठरवलं की पक्षात वेगळा गट चालणार नाही, तेव्हा हे बाहेर पडले. आता बघा, लोकं फुटतेत ते सत्तेकडं जायला. हे सत्ता दारात असताना बाहेर पडले. एवढा फरक तरी ध्यानात घ्या.

बाळीवेसकर
इतिहास मान्य आहे, पण अर्धाच सांगितला की राव. जेधे परत काँग्रेसमध्ये गेले, मोरे पण गेले. क्रांतिसिंह नाना पाटील आणि दत्ता देशमुख वेगळे होऊन त्यांनी कामगार किसान पक्ष काढला. १९५० ला दाभाडीला पक्षानं मार्क्सवादाचा प्रबंध मंजूर केला आणि त्यानंतर पक्षात कोण खरा डावा यावरच भांडणं. म्हणजे ज्यांनी काढला तेच टिकले नाहीत, मग आपण का कवटाळून बसायचं?

आणि सत्तेपासून लांब म्हणताय, तर सांगोल्याचे आमदार गणपतआबा देशमुख १९७८ ला पुलोदमध्ये, म्हणजे शरद पवारांच्या आघाडी सरकारात मंत्री होते, १९९९ ला विलासरावांच्या सरकारात पण होते. सरकारात बसायचंच आहे तर सरळ त्या पक्षात जा, निदान निधी तरी येईल.

माणकाठ
सरकारात बसणं वेगळं आणि पक्षच बुडवणं वेगळं. २००२ ला रायगडातल्या राष्ट्रवादीशी भांडण झाल्यावर शेकापनं त्याच विलासरावांचा पाठिंबा काढला होता. स्वतःचा पक्ष होता म्हणून काढता आला.

आबा ११ वेळा आमदार झाले आणि तरी एसटीनं फिरायचे, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमचे आजोबा सांगायचे, एसटी स्टँडवर माणूस उभा दिसला की लोकं तिथंच अर्ज द्यायची, बंगल्यावर जायची गरजच नसायची. ते १९७२ ला पडले, १९९५ ला पडले, पण म्हणून पक्ष बदलला नाय.

डाळिंबवाला
तुम्ही दोघं जेधे-मोरेंवर बोलताय, मी आपलं आमच्या शेतातलं बोलतो. पाऊस लई झाला त्या साली बागेला पिन होल बोरर लागला. खोडाला टाचणी टोचावी एवढं भोक, त्यातून भुसा पडतो, आणि चार दिवसात फांदी वाळायला लागते. भगव्या जातीच्या डाळिंबाची चारशे झाडं होती माझी, आठ वर्षं पोरासारखी सांभाळलेली, जेसीबी लावून उपटली आणि बांधावर ढीग केला. तो ढीग पेटवला त्यादिवशी घरात चूल पेटली नाय.

लाल बावट्याची, म्हणजे शेकापची पोरं बांधावर आली होती, खोटं बोलणार नाय. दुसरं कोण आलं नाय. पण ते येऊन करणार काय, मुंबईत त्यांचं ऐकणारं कोण? पंचनामा झाला, पैसे काय आले नायत. मत मी त्यांनाच देतो पण हे दुखणं आहेच.

बाळीवेसकर
हेच तर मी म्हणतोय! बांधावर येणारी चांगली पोरं आहेत, त्यांना मोठ्या पक्षाचं बळ द्या. पाण्याच्या योजनांचं बघा, टेंभू काय, म्हैसाळ काय, फाईल मंत्रालयातच हलते. आणि अजून एक, आता हा तत्त्वाचा पक्ष राहिलाय का घराण्याचा? सांगोल्यात २०१९ ला आबांचा नातू, २०२४ ला पण नातूच. तिकडं रायगडात शेकापचे नेते जयंत पाटील २०२४ ला विधान परिषदेला पडले, अलिबाग गेलं, सख्खा भाऊ भाजपात गेला. एका तालुक्यापुरता उरलेला पक्ष कशाला म्हणायचं?

माणकाठ
घराण्याचं मला पण खटकतं, त्यावर मी वाद घालणार नाय. कार्यकर्त्यातून दुसरा माणूस तयार व्हायला पायजे होता, तो केला नाय ही पक्षाची चूकच आहे.

पण विलीन झाल्यावर काय होतं ते ऐका. २०१९ ला आम्ही ७६८ मतांनी हरलो. त्या रात्री आम्ही वहीवर हिशोब मांडत बसलो होतो, बूथमागं दोन-तीन मतं, म्हणजे एका घरातली माणसं परगावाहून मतदानाला आली असती तरी झालं असतं. आबा २०२१ ला गेले तेव्हा सगळे म्हणाले की संपलं. २०२४ ला महाविकास आघाडीनं सांगोल्याची जागा आम्हाला सोडलीच नाय, ठाकरेंच्या सेनेनं स्वतःचा उमेदवार दिला. समजा आपण आधीच मोठ्या पक्षात गेलो असतो, तर जागावाटपाच्या टेबलावर आपलं नाव मुंबईतच कापलं असतं आणि आपण घरी बसून झेंडे मोजले असते. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या उमेदवारीचा कागद, आपलाच होता म्हणून बाबासाहेब देशमुख उभे राहिले आणि शिंदेंच्या सेनेच्या शहाजीबापू पाटलांना २५ हजारांच्या वर मतांनी पाडून निवडून आले. उमेदवार कोण हे सांगोल्यानं ठरवलं, मला त्याचंच मोल आहे.

बाळीवेसकर
एबी फॉर्मचा मुद्दा पटला, खरंच पटला. तरी एकटा आमदार विधानसभेत किती वेळ बोलणार आणि डाळिंबवाल्या भाऊंचे पैसे त्यानं कसे येणार, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाय.

डाळिंबवाला
औंदा दोनशे झाडं परत लावलीत. पंचनाम्याची कागदं अजून ट्रंकेत हायत.

माणकाठ
काढून ठेवा दादा, मी रविवारी येतोय. शेजारच्या दोन-तीन बागवाल्यांना पण सांगा, सगळ्यांचा मिळून एकच अर्ज लिहू आणि सोमवारी आमदारांच्या हातात देऊ. बाळीवेसकर, तुम्ही पण चला, तुमच्या पक्षाचं सरकार आहे, त्यांच्याकडची प्रत तुम्ही न्या.