सीएनजी गाडी: सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

घाटवाट: पेट्रोल हॅचबॅक, चार सिलिंडर, प्रत्येक प्लगवर ठिणगी देणारी वेगळी कॉइल. बाहेरून बसवलेलं सीक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर असलेलं) सीएनजी किट आहे. सकाळपासून सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन एकदाही पेट घेत नाही. पेट्रोलचा काटा रिझर्व्हवर, गॅस मात्र भरपूर. मिस्त्री म्हणतोय कॉइल आणि प्लग बदला. त्याआधी घरी काय तपासता येईल? टेस्टर बल्ब आणि मल्टिमीटर आहे.

ठिणगी: कॉइल अजिबात घेऊ नका. चार वेगळ्या कॉइल एकाच रात्रीत जात नाहीत. एखादी गेली तर गाडी मिसिंग करत का होईना, चालू होते.

गॅसवर धावणारी गाडी असली तरी अशी किट बहुतेक वेळा पेट्रोलवरच स्टार्ट होतात आणि इंजिन थोडं गरम झालं की गॅसवर जातात. म्हणून आधी टाकीतला पेट्रोल पंप तपासा. रेडिओ, एसी बंद करून चावी फक्त ऑन करा आणि मागच्या सीटपाशी कान लावा. साधारण दोन सेकंद घूं असा आवाज यायला हवा. आला नाही तर पंपाचा फ्यूज पाहा, मग रिले (पंपाला वीज देणारा स्विच). हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून पाहा, फुकटात निकाल लागतो.

आवाज येत असेल तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. बऱ्याच गाड्यांत तो किंचित उचलतो. मुळीच हलला नाही तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा सेन्सर) संशय घ्या. इंजिन फिरतंय हा सिग्नल मिळाला नाही तर ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) स्पार्क देत नाही, आणि सुरुवातीच्या दोन सेकंदांनंतर पंपही बंद ठेवतो.

गॅसवाला: तुमच्याकडे एक चाचणी आहे जी नुसत्या पेट्रोल गाडीवाल्याकडे नसते. अनेक किटमध्ये थेट गॅसवर स्टार्ट करायची सोय असते, बहुधा स्विच दाबून धरून चावी ऑन करायची. नेमकी पद्धत किटच्या पुस्तकात बघा. आधी गॅसचा वास नाही ना, याची खात्री करा. गॅसवर चालू झाली, तर स्पार्क, क्रँक सेन्सर, कॉम्प्रेशन, इमोबिलायझर (चोरीविरोधी चावी-लॉक) हे सगळं एका फटक्यात निर्दोष ठरतं. बिघाड फक्त पेट्रोलच्या बाजूला उरतो.

आणि पंप वाजतोय तरी पेट्रोलवर चालू होत नाही असं निघालं, तर किटचं वायरिंग तपासून घ्या. गॅसवर असताना पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवायचं काम किटच करतं. ते सर्किट अडकलं की इंजेक्टर उघडतच नाहीत आणि प्लग कोरडे निघतात. याउलट प्लग पेट्रोलने ओले असतील तर ते काढून सुकवा. परत बसवल्यावर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारा; त्या स्थितीत ईसीएम इंजेक्शन थांबवतो आणि सिलिंडर सुकतो.

घाटवाट: गॅसवर लगेच चालू झाली! पंपाचा आवाज नाही. फ्यूज ठीक, रिले बदलूनही फरक नाही. पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर दोन सेकंद 12 व्होल्ट दाखवतो. म्हणजे पंप गेला?

ठिणगी: जवळजवळ. मीटरची एक प्रोब बॉडीला लावली असेल तर ती चाचणी अर्धीच झाली, अर्थची वायर तपासलीच गेली नाही. शिवाय गंजलेल्या जोडातूनही मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढत नाही. टेस्टर बल्ब कनेक्टरच्या दोन्ही पिनांमध्ये लावा. झगझगीत पेटला तर पंप मेला. मिणमिणता पेटला किंवा पेटलाच नाही तर वायरिंग शोधा.

घाटवाट: दोन पिनांमध्येही लख्ख पेटला.

गॅसवाला: मग पंपच. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. गॅसवाले टाकी कायम रिझर्व्हवर ठेवतात आणि तिथेच तो मरतो. काही गाड्यांत सीटखालचं झाकण उघडून पंप निघतो, काहींत टाकी उतरवावी लागते; मजुरी ठरवण्याआधी विचारून घ्या. नव्या पंपासोबत जाळी आणि ओ-रिंग नवीनच टाका, टाकीच्या तळाचा गाळ काढायला लावा, आणि प्रेशर मोजून घ्या. अशा इंजिनांत ते साधारण 3 बारच्या आसपास असतं, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. काम होईपर्यंत गॅसवर स्टार्ट करून गॅरेजपर्यंत न्या, टोइंगचे पैसे वाचतील. पुढे किमान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि अधूनमधून थोडं अंतर पेट्रोलवरच चालवा, नाहीतर इंजेक्टर चिकटतील.