रनिंग जास्त असलं तरी पेट्रोलच

"महिन्याला दीड हजार किमीच्या वर रनिंग असेल तर डोळे झाकून डिझेल घ्या" हे पेट्रोल गाडी घ्यावी की डिझेल या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय, ते २०१२ च्या आसपास बरोबर होतं, तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक असायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले आणि ते गणितच बदललं. माझं पुणे-कोल्हापूर दर आठवड्याला, महिन्याला २००० किमी धरा. माझी पेट्रोल होंडा सिटी हायवेला लिटरमागे १६ किमी देते म्हणजे १२५ लिटर, डिझेल गाडी २० ने १०० लिटर. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ असा भाव धरला तर महिन्याला फरक ३९०० रुपये, आणि डिझेल गाडी घेतानाच लाखभर जास्त मोजावे लागतात ते वेगळंच.

३९०० कमी नाहीत, मान्य. पण खंबाटकी घाट चढताना तिसरा गिअर टाकून इंजिन पाच हजार आरपीएमवर गेलं की जो आवाज येतो ना, त्यासाठी मी ते दर महिन्याला आनंदाने देतो. आठवड्यातले आठ-नऊ तास ज्या सीटवर जातात तिथे मजा नको का यायला?